बावीस किलोंचा कडता

कर्जतच्या बाजारात कानिफनाथाला आडनावाने कोणी ओळखत नाही. कानिफनाथ मापाडी म्हटलं की पुरे. तूर असो, उडीद असो, कांदा असो, शेतकऱ्याचं पोतं आडतीच्या काट्यावर चढायचं, कानिफनाथ आकडा मोठ्याने पुकारायचा आणि देणारा-घेणारा दोघंही तो मुकाट मान्य करायचे. दुसऱ्या कुठल्या काट्यावर भांडण लागलं तर लोक म्हणायचे, कानिफनाथाला आणा. जन्म गेला त्याचा ह्या मानात. पण एवढ्या मानाच्या माणसाने एक माप असं चुकवलं की ते अजून दुरुस्त झालेलं नाही, आणि ते नेमकं त्याच्या घरातलं होतं.

त्याच्या धंद्यात पूर्वी एक शब्द सर्रास चालायचा, कडता. पोत्याचं वजन, मालातली माती, थोडी ओल, अशा नावाखाली काट्यावरच्या आकड्यातून काहीतरी उडवायचं आणि राहील तेच खरं धरायचं, ह्याला कडता म्हणत. पुढे तो बंद झाला, निदान पावतीवर तरी. कानिफनाथाने काटा कधी मारला नाही, हे त्याचा शत्रूही सांगेल. पण दिसतो तो आकडा वेगळा आणि सांगायचा तो वेगळा, ही सवय मात्र त्याच्या अंगात मुरली होती. वय सांगताना दोन वर्षं कमी, घरी यायला लागणारा वेळ सांगताना अर्धा तास कमी. घरात सगळे त्यावर हसायचे आणि त्याचा आकडा वाढवून घ्यायचे.

त्याची बायको मनकर्णा माहेरची पुणतांब्याची, गोदाकाठची. तिच्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं. पावसाळ्यात नदी चढली की पलीकडच्या मळ्यात जायला होडी कुठली मिळायला? मग रस आटवायची ती भलीमोठी लोखंडी काहील माणसं पाण्यात ढकलायची आणि तिच्यात बसून पार व्हायची. बाकीचे काठ घट्ट धरून देवाचं नाव घेत बसायचे, आणि परकरातली मनकर्णा मधोमध उभी राहायची. वडील खाली बस म्हणून ओरडून दमायचे. खालून नदी सरकते ती तळव्यांना कळते, असं ती पुढे आपल्या लेकीला, सृष्टीला, सांगायची. लग्न होऊन ती नगर जिल्हा उभा ओलांडून कर्जतच्या माळावर आली. इथे उन्हाळ्यात टँकर आला की बायका हंडे घेऊन धावायच्या. ‘बापानं मला कोरड्यात दिली,’ असं ती हसत हसत म्हणायची, पण वर्षातून दोन-चारदा तरी म्हणायचीच.

मुळात थोराड बांधा, त्यात सृष्टीच्या वेळेपासून थायरॉईडचं निघालं, आणि मनकर्णा अंगाने वाढत गेली. कानिफनाथ तिची थट्टा करायचा. घराचं दार रुंद करावं लागंल, म्हणायचा. गाडीवर मागे बसली की टायरची हवा बघायला उतरायचा. चारचौघांत सुद्धा. ती हसायची, आणि ती हसते म्हणजे तिला चालतं, असं हा शहाणा धरून चालला होता.

एकदा दुपारी ती बाजारात काहीतरी घ्यायला आली आणि त्याला जेवायला बोलवायला आडतीवर गेली. लिलाव आटोपले होते, माणूसकाणूस नव्हतं. चपला काढून ती काट्यावर चढली आणि म्हणाली, माझं बी करा की माप. लाल अक्षरांत एकशे दोन आलं. दोघांनीही ते वाचलं. आकडा वाचून पुकारायचा नाही, असं त्याच्या हातून आयुष्यात पहिल्यांदा झालं. इकडेतिकडे बघून तो म्हणाला, उतर, कुनी बघंल. ती उतरली. चपला घालायला मात्र तिला जरा वेळ लागला.

तीन हिवाळ्यांपूर्वी पुण्याला नोकरी करणारी सृष्टी गाडी घेऊन आली आणि दोघांना सिद्धटेकला घेऊन गेली. दर्शन झाल्यावर पक्षी बघायला म्हणून ती त्यांना भीमेच्या कडेला, उजनीचं पाणी जिथे मागे पसरतं तिथे घेऊन गेली. तिथे ओंकार नावाचा पोरगेला नावाडी पर्यटकांना होडीतून फिरवायचा. होडीत मनकर्णाचं पक्ष्यांकडे लक्षच नव्हतं. पुण्याची कोणी एक पन्नाशीची बाई स्वतःचा बोर्ड घेऊन आली होती. हवा भरलेला, लांबट, फळीसारखा. त्यावर ती सरळ उभी राहून लांब वल्ह्याने पाणी मागे सारत चालली होती. मनकर्णा तिच्याकडे मान वळवून वळवून बघत राहिली. काठाला उतरल्यावर म्हणाली,

“मला असं उभं ऱ्हायचंय.”

लग्नापासून ह्या बाईने नवऱ्याकडे स्वतःसाठी म्हणून काही मागितल्याचं कानिफनाथाला आठवेना. तो हसायला गेला आणि लेकीचं तोंड बघून थांबला. ओंकार म्हणाला, बोर्ड आणा मावशी, शिकवायचं माझ्याकडे लागलं. मग कानिफनाथाला बाजूला घेऊन त्याने बजावलं की मामा, वजन बरोबर सांगून घ्या, लहान घेतला तर मधे दबतो आणि मग माणूस कितीही हुशार असला तरी उभा राहू शकत नाही.

सृष्टीने बोर्ड आपण देणार म्हणून जाहीर केलं. आठ-पंधरा दिवसांनी ती पुण्यातल्या दुकानात उभी होती. आईला वजन विचारलं तर आई उडवाउडवी करणार, म्हणून तिने वडिलांना फोन लावला. नेमका बाजाराचा दिवस. पोत्यांची रांग लागलेली, कानिफनाथाचे दोन्ही हात मातीचे. त्याने श्रीमंत नावाच्या हमालाला फोन धरायला सांगितला आणि श्रीमंतने तो स्पीकरवर टाकून काट्याच्या डोक्यावर ठेवला. सृष्टी सांगायला लागली की दुकानात दोन बोर्ड आहेत. एक रुंद, जाड, लांबीलाही जास्त. उचलायला जड, पाण्यात हळू चालतो, पण भारी अंगाचा माणूस त्यावर बिनघोर उभा राहतो. दुसरा अरुंद, हलका, दिसायला देखणा. वर लिहिलेला आकडा नुसता तरंगण्याचा असतो, उभं राहायचं तर माणसाचं वजन त्याच्या बरंच खाली असावं लागतं, असं दुकानदार म्हणतोय. तर आईचं वजन किती?

भोवती आठ-दहा हमाल, पाच-सहा शेतकरी, दोन व्यापारी. सगळ्यांचे कान फोनकडे. कानिफनाथाला एकशे दोन स्वच्छ दिसत होतं, लाल अक्षरांत. बायकोचं वजन असं भर बाजारात, त्याच काट्यावर पुकारायचं? शंभर म्हणावं असं त्याच्या मनात आलं. मग श्रीमंतच्या मिशीखाली हसू फुटतंय असं वाटलं, म्हणून नव्वद. तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्यातलेही दहा गेले.

“ऐंशी धर,” तो म्हणाला.

“ऐंशी? अण्णा, नक्की ना? बोर्ड ह्याच्यावरच ठरणार आहे.”

“मी मापाडी हाय ना?”

सगळे हसले, तोही हसला, आणि पुढचं पोतं काट्यावर चढलं. संध्याकाळी घरी जाताना त्याला वाटलं होतं, फोन करून खरं सांगावं. घरी गेल्यावर मनकर्णा फोनवरच होती, लेकीशी बोलत होती, आणि इतकी खुशीत होती की आता मध्येच वजनाचा विषय कुठे काढायचा, म्हणून राहिलं. एका फोनचं काम होतं. दुसऱ्या दिवशी करता आलं असतं, तिसऱ्या दिवशीही. त्याने केलं नाही.

बोर्ड आला. अरुंद, निळा, देखणा. पिशवीतून काढल्या काढल्या कानिफनाथाने कशाच्याही आधी त्यावरचा आकडा शोधला. एकशे दहा किलो. त्याचा जीव भांड्यात पडला. एकशे दोन म्हणजे आतच की! शिवाय कंपनीवाले काय कच्चे आहेत? ते हातचं राखूनच लिहिणार. एकशे दहा लिहिलंय म्हणजे एकशे तीस आरामात पेलणार. दुकानदाराने नेमकं उलटं सांगितलं होतं, पण माणसाला धंद्यातलं शहाणपण सगळीकडे लागू पडेल असं वाटतं, आणि ह्याला तर जरा जास्तच वाटायचं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सगळे पाण्यावर गेले. सगळे म्हणजे नणंदा, जावा, त्यांची पोरं, शेजारच्या दोघी. मनकर्णाने ह्या दिवसासाठी पंजाबी ड्रेस शिवून घेतला होता. जन्मात पहिल्यांदा साडीशिवाय ती चारचौघांत आली होती, आणि ओढणी सारखी सारखी करत होती. ओंकारने पंप मारून बोर्ड फुगवला, त्याच्याकडे बघितलं, मनकर्णाकडे बघितलं आणि हळूच कानिफनाथाला म्हणाला, “मामा, ह्यो लहान हाय.”

“एकशे दहाचा हाय. लिव्हलंय बघ की.”

वयाने मोठा माणूस, त्यातून मापाडी. ओंकार गप्प बसला.

गुडघ्यांवर बसून ती चांगली दहा-बारा हात गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ओंकारने सांगितल्याप्रमाणे एक पाय, मग दुसरा, असं करत ती उठायला लागली, आणि बोर्ड मध्ये दबला. दोन्ही टोकं वर आली, तिच्या घोट्यांवरून पाणी गेलं, आणि ती कडेला कोसळली. पाणी कमरेएवढंच होतं. ती हसत उठली. पुन्हा चढली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा काठावरच्यांना हसू आवरेना. एका भाच्याने मोबाईल काढला होता. ओला ड्रेस अंगाला चिकटलेला, ओढणी पाण्यात कुठे गेली तिचा पत्ता नाही, आणि मनकर्णा सगळ्यांबरोबर हसत काठाला आली. तिच्या खांद्यावर पहिला टॉवेल टाकला तो ओंकारने. कानिफनाथ बोर्डावरच्या आकड्याकडे बघत उभा होता.

परत येताना जीपमध्ये ती मागच्या बाजूला, टॉवेल गुंडाळून बसली होती. बाहेर बघतच ती म्हणाली, “पान्यानं बी न्हाई घेतलं मला.”

बोलायची वेळ होती ती हीच. तुझी चूक नाही, बोर्ड चुकीचा आला आणि तो माझ्यामुळे आला, एवढं म्हटलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं. कानिफनाथ म्हणाला, “वय झालं आता, मने. सोड त्यो नाद.”

तिने सोडला. सृष्टीच्या फोनवर ती म्हणाली, मला न्हाई जमलं गं. सृष्टीने वडिलांना पुन्हा विचारलं, अण्णा, ऐंशीच होतं ना? त्याने व्हय म्हटलं. बोर्ड गुंडाळून पिशवीत गेला आणि ज्वारीच्या कणगीवर जाऊन बसला.

त्यानंतर मनकर्णाने भाकरी अर्धी केली. मग पाव. भात बंद, चहा बिनसाखरेचा. लग्नकार्याला जाणं तिने कमी केलं, कारण त्या भाच्याच्या मोबाईलातला व्हिडिओ भावकीत सगळ्यांनी बघितला होता. वर्षभरात ती उतरायला लागली. बायका कौतुक करायच्या, काय करता म्हणून विचारायच्या. कानिफनाथही खूश होता. दारात येऊन म्हणायचा, आता दार रुंद करायची गरज न्हाई. ती रात्री पाणी प्यायला तीन-तीनदा उठायची, त्याला वाटायचं जेवत नाही म्हणून तहान लागत असेल. चालताना तिच्या पायातली चप्पल निसटून मागे राहायची आणि ती चार पावलं तशीच पुढे जायची. त्याला वाटायचं, वेंधळी झालीय. मग एक दिवस तिच्या तळव्यात सराटा घुसून पाय सुजला. सराटा आदल्या दिवशीचा होता आणि तिला तो कळलाच नव्हता. तेव्हा कुठे दवाखाना.

साखर केव्हाची वाढली होती. तिनेच पायांच्या शिरांना धरलं होतं, तळव्यांची संवेदना जवळजवळ गेली होती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की असं वजन उतरायला लागतं तेव्हाच लोक धावत येतात, म्हणून बऱ्याच वेळा लवकर सापडतं. तुम्ही का नाही आलात? काय सांगणार? तिच्या उपाशी राहण्याआड ते दुखणं लपलं होतं. आणि ती उपाशी का राहत होती, हे त्या खोलीत एकालाच पक्कं माहीत होतं.

नर्सने तिला वजनकाट्यावर उभं केलं. साधा, गोल तबकडीचा काटा. कानिफनाथाने सवयीने वाकून बघितलं. ऐंशी. रेघेला रेघ लावून ऐंशी.

डॉक्टरांनी विचारलं, आधी किती होतं? बाकड्यावर पेशंट दाटीवाटीने बसले होते, दार उघडंच होतं. कानिफनाथ बाजारात पुकारतो त्या आवाजात म्हणाला, एकशे दोन. बाहेरच्या दोघा-चौघांनी माना वर करून बघितलं आणि पुन्हा आपापल्या कागदांत घातल्या. एवढंच झालं. ह्या एवढ्याशाला घाबरून त्याने काय करून ठेवलं होतं, ते त्याला त्या खोलीत उभ्या उभ्या कळलं, आणि औषधं घ्यायच्या निमित्ताने तो बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडला.

घरी आल्यावर त्याने लेकीला फोन केला आणि सगळं सांगितलं. सृष्टी म्हणाली, अण्णा, दोन्ही बोर्ड माझ्यासमोर होते. मी रुंदवाल्यावर हात ठेवून तुम्हाला विचारत होते. तिने फोन ठेवला. पण महिन्याभरात तिने रुंद बोर्ड पाठवला, सोबत चिठ्ठी नाही की काही नाही.

ह्या जानेवारीत कानिफनाथ मनकर्णाला घेऊन पुन्हा पाण्यावर गेला. दोघंच गेले. ओंकारने बोर्ड फुगवला, पण उभं राहायचं नाही म्हणाला. तळव्यांना खालचं कळत नाही तर तोल कशाच्या जोरावर धरणार, मावशी? बसून जा. मनकर्णा हसली आणि बसली. ओंकार होडीपाशी गेला. कानिफनाथ धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उतरला आणि बोर्डाची कड धरून चालायला लागला. दोघं बसले असते तरी हलला नसता, एवढा तो बोर्ड स्थिर होता. तिने दोन्ही हात टेकून त्याच्यावर भार देऊन बघितलं.

“ह्यो तर हलत बी न्हाई,” ती म्हणाली.

मग त्याने तिला सांगितलं. बाजारातला फोन, श्रीमंतची मिशी, ऐंशीचा आकडा, सगळं. पाण्याकडे बघतच सांगितलं. मनकर्णाने पुरतं ऐकून घेतलं.

“बोर्डावर एकशे दहा लिव्हलेलं मी बी वाचलं हुतं,” ती म्हणाली. “तुमी ठीक म्हनला. म्हनलं, काट्याचं मानूस हाय, त्यांनी बघितलं असंल. मंग पडले, तवा वाटलं खोट माझ्यातच.”



“धा हमालांत माझं वजन सांगायची तुमाला लाज वाटली,” ती तशाच शांत आवाजात म्हणाली, “आन् भावकीत मी पडले, तवा वो?”

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो बोर्ड पुढे ढकलत राहिला. समोर पक्ष्यांचा एक थवा उठला आणि थोड्या अंतरावर पुन्हा बसला. मनकर्णाने सलवार जरा वर घेतली आणि पाय दोन्ही बाजूंनी पाण्यात सोडले. घोट्यांच्या वर पाणी आलं. ती थोडा वेळ तशीच बसली, बोटं हलवून बघितली, आणि मग त्याच्याकडे वळली.

“पानी गार हाय का वो?”

जानेवारीतली सकाळ होती, आणि त्याच्या पिंढऱ्या गारठून दुखत होत्या.

“लई गार हाय,” तो म्हणाला.

तिने बरं म्हणून मान डोलावली आणि वाकून आपल्या पायांकडे बघत राहिली.